रसायनोपचार आणि पेशीची संवेदनशीलता : एका प्रथिनशोधाचा इतिहास

प्रस्तावना

कर्करोगावरील रसायनोपचाराचा, म्हणजेच रूढ भाषेत केमोथेरपीचा, इतिहास बहुधा औषधांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. कोणते रसायन कधी सापडले, ते कोणत्या कर्करोगावर वापरले गेले, त्याला मान्यता कधी मिळाली, अशा क्रमाने ही हकिगत पुढे सरकते. परंतु या इतिहासाला दुसरी एक बाजू आहे व ती तुलनेने कमी अभ्यासली गेली आहे. एकच औषध, एकाच मात्रेत, एकाच अवयवाचा कर्करोग असलेल्या दोन रुग्णांना दिले असता एकाची गाठ विरघळते व दुसऱ्याच्या गाठीवर काहीच परिणाम होत नाही. केस गळणे, उलट्या होणे, रक्तातील पांढऱ्या पेशी घटणे हे दुष्परिणाम मात्र दोघांनाही सोसावे लागतात. औषध तेच असेल, तर फरक पेशीत असला पाहिजे. पेशीतील कोणती प्रथिने तिला औषधाच्या बाबतीत संवेदनशील बनवतात, हा प्रश्न म्हणूनच केवळ जीवरसायनशास्त्राचा नाही. व्यर्थ ठरणारा उपचार कोणाला टाळता येईल, हाही प्रश्न त्यातच गुंतलेला आहे.

प्रस्तुत निबंधात या शोधाच्या इतिहासाचा मागोवा घेतला आहे. विवेचन विस्कळीत होऊ नये म्हणून कॅम्प्टोथेसिन हे एक औषध मध्यवर्ती सूत्र म्हणून स्वीकारले आहे. या निबंधाचे मुख्य प्रतिपादन असे की, प्रारंभीची अनेक वर्षे संशोधकांचे लक्ष औषधाला दाद न देणाऱ्या पेशींवर राहिले, आणि त्यामागे प्रयोगपद्धतीचे एक अंगभूत कारण होते. ज्या पेशी औषधातून वाचतात त्याच पुढे वाढतात व अभ्यासाला उपलब्ध होतात. मेलेल्या पेशीला साक्ष देता येत नाही. पद्धत बदलली तेव्हाच 'पेशी का वाचते?' या प्रश्नाशेजारी 'पेशी का मरते?' हा प्रश्न तितक्याच स्पष्टपणे उभा राहिला.

वाचलेल्या पेशींची साक्ष

सिडनी फार्बर यांनी बोस्टन येथे रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या बालकांना अमिनोप्टेरिन हे औषध दिले व त्याचे निष्कर्ष १९४८ मध्ये प्रसिद्ध केले. हे औषध लेडर्ली प्रयोगशाळेत येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखाली तयार झाले होते. बालकांची प्रकृती सुधारली. परंतु ती सुधारणा तात्पुरती ठरली. काही आठवड्यांत वा महिन्यांत रोग परतला आणि मग तेच औषध निष्प्रभ ठरू लागले. रसायनोपचाराच्या जन्माबरोबरच औषधरोधाचा प्रश्नही जन्माला आला, असे म्हणावे लागते.

या प्रश्नाचा अभ्यास करण्याची रीत साधी होती. काचपात्रात वाढणाऱ्या पेशींना औषधाची अल्प मात्रा द्यावयाची, ज्या जगतील त्यांना वाढू द्यावयाचे, मग मात्रा वाढवावयाची, आणि असे अनेक महिने करीत राहावयाचे. शेवटी मूळ मात्रेच्या कितीतरी पट औषध पचवणारा पेशीवंश हाती येतो. डेन्मार्कचे केल्ड डॅनो यांनी १९७३ मध्ये दाखवले की, अशा रोधी पेशी डॉनोमायसिन हे औषध ऊर्जा खर्च करून बाहेर टाकतात. पुढे १९७६ मध्ये टोरांटो येथील रुडी ज्युलियानो व व्हिक्टर लिंग यांना हॅमस्टरच्या औषधरोधी पेशींच्या पृष्ठभागावर सुमारे १,७०,००० डाल्टन वजनाचे एक शर्करायुक्त प्रथिन आढळले. पेशी जितकी अधिक रोधी, तितके हे प्रथिन अधिक. त्याला पी-ग्लायकोप्रोटीन असे नाव मिळाले. १९८६ मध्ये त्याचे जनुकही वेगळे करण्यात आले.

हा शोध महत्त्वाचा होता यात शंका नाही. एकाच प्रथिनामुळे परस्परांशी रचनेने संबंध नसलेली अनेक औषधे एकदम निष्प्रभ होतात, या कोड्याचा उलगडा त्याने केला. साहजिकच हा पंप बंद केला की पेशी पुन्हा संवेदनशील होईल, अशी आशा निर्माण झाली. जपानमधील त्सुरुओ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्येच दाखवले होते की, हृदयविकारावर वापरले जाणारे व्हेरापामिल दिल्यास रोधी पेशींवर व्हिन्क्रिस्टीनचा परिणाम पुन्हा होऊ लागतो. परंतु रुग्णांवरील चाचण्यांत ही आशा फळाला आली नाही. व्हॅल्स्पोडार, टॅरिक्विडार यांसारखी खास या कामासाठी घडवलेली औषधेही अपेक्षित लाभ देऊ शकली नाहीत. हा पंप आतडे, यकृत, मूत्रपिंड व मेंदूच्या रक्तवाहिन्या येथे निरोगी शरीराचेही रक्षण करीत असतो. त्यामुळे तो बंद करताना शरीरातून औषधाचा निचरा मंदावतो व विषारी परिणाम वाढतात.

येथे पद्धतीविषयी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. वाचलेल्या पेशीत जे प्रथिन नव्याने किंवा अधिक प्रमाणात दिसते, ते जेलवर ठळक पट्टीच्या रूपाने नजरेत भरते. परंतु जी पेशी एखादे प्रथिन गमावल्यामुळे वाचली असेल, तिच्यातील ती उणीव कशी दिसावी? हजारो प्रथिनांतून कोणते नाहीसे झाले हे ओळखण्याचे साधन त्या काळी नव्हते. म्हणून रोधाचे चित्र प्रामुख्याने 'अधिक असण्याचे' चित्र बनले, आणि 'नसण्याचे' चित्र पडद्याआड राहिले.

वृक्षापासून विकरापर्यंत

हे पडद्याआडचे चित्र प्रथम स्पष्टपणे दिसले ते कॅम्प्टोथेसिनच्या अभ्यासातून. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने वनस्पतींच्या अर्कांची जी व्यापक छाननी हाती घेतली होती, तिच्यात चीनमधील कॅम्प्टोथेका अक्युमिनाटा या वृक्षाचा अर्क उंदरांच्या रक्तकर्करोगावर प्रभावी ठरला. नॉर्थ कॅरोलायना येथील रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी त्यातील कार्यकारी घटक शुद्ध करून त्याची रचना १९६६ मध्ये प्रसिद्ध केली. वाणी यांचा जन्म १९२५ मध्ये नंदुरबार येथला, आणि रसायनशास्त्राचे त्यांचे आरंभीचे उच्च शिक्षण मुंबई विद्यापीठातील. टॅक्सॉल या दुसऱ्या विख्यात औषधाची रचनाही वॉल-वाणी यांच्याच गटाने १९७१ मध्ये जाहीर केली. महाराष्ट्राशी या औषधाचा आणखी एक धागा जुळतो. गोरेगाव येथील सिबा संशोधन केंद्रातील टी. आर. गोविंदाचारी व एन. विश्वनाथन यांनी १९७२ मध्ये हेच द्रव्य सह्याद्रीत आढळणाऱ्या एका वृक्षात असल्याचे दाखवले. हाच आपल्याकडील नरक्या, ज्याला अमृता असेही नाव आहे. या शोधानंतर औषधासाठी झालेल्या बेसुमार तोडीने पश्चिम घाटातील हा वृक्ष संकटात सापडला, हेही या इतिहासाचे एक अंग आहे.

औषध मिळाले, तथापि ते कशावर काम करते हे ठाऊक नव्हते. १९७० च्या दशकाच्या आरंभी त्याचा पाण्यात विरघळणारा क्षार रुग्णांना देण्यात आला. मूत्राशयाचा रक्तस्रावी दाह यांसारखे तीव्र दुष्परिणाम दिसल्याने त्या चाचण्या थांबल्या आणि औषध दशकभर मागे पडले.

दरम्यान एका वेगळ्याच दालनात काम चालू होते. डीएनएचा धागा अत्यंत लांब व पीळदार असतो. पेशी विभागताना हा पीळ सुटला नाही तर धाग्याची नक्कल करणे अशक्य होते. जेम्स वांग यांनी १९७१ मध्ये जिवाणूंत हा पीळ सोडवणारे प्रथिन शोधले. पुढच्याच वर्षी शॅम्पू व डल्बेको यांना प्राण्यांच्या पेशींत तसेच विकर, म्हणजे एन्झाइम, आढळले. टोपोआयसोमरेज-१ या नावाने ओळखले जाणारे हे विकर डीएनएच्या दोन पदरांपैकी एक कापते, क्षणभर त्या टोकाला स्वतः चिकटून राहते, पीळ सैल होऊ देते आणि कापलेले टोक पुन्हा जोडते.

या दोन प्रवाहांचा संगम १९८५ मध्ये झाला. लेरॉय लिऊ यांच्या गटाने दाखवले की, कॅम्प्टोथेसिन नेमके विकर डीएनएला चिकटलेले असताना त्या सांध्यात शिरते आणि टोके पुन्हा जोडू देत नाही. डीएनएची नक्कल करणारी यंत्रणा धावत येऊन या अडथळ्यावर आदळली की एका पदरातील चिरेचे रूपांतर दोन्ही पदर तुटण्यात होते. म्हणजे औषध विकराचे कार्य केवळ बंद पाडत नाही. ते पेशीच्याच विकराला तिच्याविरुद्ध वापरते. याचा तर्कसंगत निष्कर्ष असा की, ज्या पेशीत हे विकर नाही तिला औषधाने काही होऊ नये. तीन वर्षांतच त्याची प्रचीती आली. टोपोआयसोमरेज-१ शिवायही जगू शकणाऱ्या यीस्टच्या पेशींवर १९८८ मध्ये नितिस व वांग यांनी प्रयोग केले तेव्हा, ज्या पेशींतून हे विकर काढून टाकले होते त्या कॅम्प्टोथेसिनला जुमानेनाशा झाल्या.

या प्रयोगाने विचाराची दिशा पालटली. प्रथिन असणे हेच मरणाचे कारण ठरू शकते आणि ते गमावणे हा बचाव ठरू शकतो, हे येथे निःसंदिग्धपणे दिसले. औषधाचे लक्ष्य कळल्यावर त्याच्याकडे पुन्हा लक्ष गेले, आणि १९९६ मध्ये टोपोटेकान व इरिनोटेकान या त्याच्या दोन सुधारित रूपांना अमेरिकेत अनुक्रमे अंडाशयाच्या व मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली.

मरणाचा निर्णय कोण घेते?

तरीही एक कोडे शिल्लक होते. टोपोआयसोमरेज-१ हे प्राण्यांच्या वाढत्या पेशींना आवश्यक असते. लक्ष्य सर्वत्र असूनही काही गाठी औषधाला प्रतिसाद देतात व काही देत नाहीत, तर केवळ लक्ष्याच्या असण्याने संवेदनशीलतेचे स्पष्टीकरण होत नाही. डीएनएवर घाव बसणे ही एक घटना. त्या घावामुळे पेशीने मरणे ही दुसरी.

या दुसऱ्या घटनेकडे लक्ष वेधले ते पी-५३ या प्रथिनाने. १९७९ मध्ये आढळलेले हे प्रथिन डीएनएला इजा झाली असता पेशीचे विभाजन थांबवते किंवा तिला आत्मनाशाकडे नेते. स्कॉट लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये दाखवले की, उंदराच्या कर्करोगप्रवण पेशींत पी-५३ असेल तर त्या अनेक औषधांनी सहज मरतात, आणि ते नसेल तर त्याच औषधांना दाद देत नाहीत. हा निष्कर्ष मूलगामी होता. परंतु मानवी गाठींपैकी सुमारे निम्म्या गाठींत पी-५३ बिघडलेले असते, आणि तरीही त्यांतील अनेक गाठी औषधाने आटोक्यात येतात. अर्थात मरणाकडे नेणारी दुसरीही एखादी वाट असली पाहिजे. ती शोधावयाची तर एका पेशीवंशाऐवजी अनेक पेशीवंशांची तुलना करणे भाग होते.

साठ पेशीवंशांची नोंदवही

अशा तुलनेचे साधन आधीच तयार होत होते, जरी ते या हेतूने निर्माण झाले नव्हते. राष्ट्रीय कर्करोग संस्था पूर्वी नवी रसायने उंदरांच्या रक्तकर्करोगावर तपासत असे. १९९० पासून तिने मानवी कर्करोगाच्या ६० पेशीवंशांवर ही तपासणी सुरू केली. फुप्फुस, मोठे आतडे, स्तन, अंडाशय, त्वचा, मेंदू इत्यादी नऊ प्रकारच्या कर्करोगांतून हे वंश घेतलेले होते. केनेथ पॉल यांनी १९८९ मध्येच एक गणनपद्धती मांडली होती. तिच्यामागची कल्पना सुबोध आहे. एखादे औषध ६० पैकी कोणत्या पेशींना मारते व कोणत्या पेशींना सोडते, याचा एक आकृतिबंध तयार होतो. ज्या दोन औषधांचे आकृतिबंध जुळतात, त्यांची कार्यपद्धतीही बहुधा जुळते.

पुढे याच ६० पेशीवंशांतील जनुकांची क्रियाशीलता मोजली जाऊ लागली. २००० मध्ये शेर्फ, वाइनस्टीन व सहकाऱ्यांनी जनुकांच्या नोंदी व औषधांच्या नोंदी शेजारी मांडल्या. आता दोन औषधांची तुलना करण्याऐवजी एका औषधाची तुलना हजारो जनुकांशी करता येऊ लागली. या मांडणीत मेलेल्या पेशीही साक्षीदार ठरल्या. औषधाने मरणाऱ्या पेशीवंशाचा दुसरा हिस्सा औषधाविना सुरक्षित असतो. त्यात कोणते प्रथिन होते हे पाहता येते. वाचलेल्यांपुरते मर्यादित राहण्याचे बंधन येथे सुटले.

श्लाफेन-११

या पद्धतीचे सर्वांत लक्षणीय फळ २०१२ मध्ये हाती आले, आणि तेही दोन स्वतंत्र ठिकाणी. राष्ट्रीय कर्करोग संस्थेत झोप्पोली, ईव्ह पोमिए व सहकाऱ्यांना असे आढळले की, ६० पेशीवंशांत श्लाफेन-११ या प्रथिनाचे प्रमाण आणि टोपोआयसोमरेजवर काम करणाऱ्या, तसेच डीएनएला इजा करणाऱ्या इतर औषधांचा परिणाम यांत दृढ सहसंबंध आहे. त्यांनी या प्रथिनाची निर्मिती कृत्रिमरीत्या रोखली, तेव्हा पूर्वी मरणाऱ्या पेशी तग धरू लागल्या. त्याच वर्षी ब्रॉड इन्स्टिट्यूट व नोव्हार्टिस यांच्या पुढाकाराने ९४७ पेशीवंशांचा मोठा संग्रह प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ४७९ वंशांवर २४ औषधे तपासली होती. त्यातही टोपोटेकान व इरिनोटेकान यांच्या परिणामाचे पूर्वानुमान करणारे प्रमुख जनुक म्हणून श्लाफेन-११ पुढे आले. दोन वेगळ्या संग्रहांनी एकाच नावाकडे बोट दाखवावे, ही विज्ञानात भक्कम साक्ष मानली जाते.

हे प्रथिन कर्करोगाच्या संशोधकांना जवळजवळ अपरिचित होते. 'श्लाफेन' या जर्मन शब्दाचा अर्थ झोपणे. उंदरांतील प्रतिकारपेशींच्या वाढीचा अभ्यास करताना १९९८ मध्ये या प्रथिनकुलाला ते नाव मिळाले होते. २०१२ मध्येच तिसऱ्या एका गटाने दाखवले की, मानवी श्लाफेन-११ एचआयव्ही विषाणूच्या प्रथिननिर्मितीला अटकाव करते. विषाणूंविरुद्ध वापरले जाणारे शस्त्र औषधाने इजा झालेल्या पेशीलाही मारते, असा हा अनपेक्षित संबंध होता.

ते काम कसे करते, याविषयी दोन स्पष्टीकरणे २०१८ मध्ये पुढे आली. मुराई, पोमिए व सहकाऱ्यांच्या मते ते अडखळलेल्या डीएनए-नकलेच्या जागी पोचून ती प्रक्रिया कायमची थांबवते. दुसऱ्या गटाने दाखवले की, ते प्रथिननिर्मितीसाठी लागणारे विशिष्ट वाहक-आरएनए तोडते व त्यामुळे दुरुस्तीची प्रथिने तयार होत नाहीत. नेदरलँड्समधील ब्रुमेलकाम्प यांच्या गटाने २०२४ मध्ये या दुसऱ्या वाटेचा पुढचा टप्पा स्पष्ट केला. वाहक-आरएनए तुटल्याने प्रथिने घडवणारे रायबोसोम अडून राहतात, आणि त्यातून पी-५३ नसतानाही पेशी आत्मनाशाकडे जाते. १९९३ नंतर उरलेल्या कोड्याचे, निदान अंशतः, हे उत्तर होय.

अभावाचे वाचन

श्लाफेन-११ चा इतिहास आणखी एका दृष्टीने उद्बोधक आहे. सुमारे निम्म्या कर्करोग-पेशीवंशांत हे प्रथिन आढळतच नाही; आणि त्याचे कारण बहुधा जनुकातील बिघाड हे नसते. जनुक शाबूत असते, परंतु त्याच्या आरंभस्थानावर रासायनिक खुणा बसून ते मूक झालेले असते. म्हणून केवळ जनुकाची अक्षरे वाचून ही उणीव कळत नाही. प्रथिन प्रत्यक्ष आहे की नाही हेच पाहावे लागते.

वाचलेल्या पेशींतील उणीव ओळखण्याचे साधनही याच दशकात उपलब्ध झाले. क्रिस्पर तंत्राने एकेका पेशीत एकेक जनुक निकामी करून त्या सर्व पेशींना औषध द्यावयाचे आणि कोण वाचले ते पाहावयाचे, असा प्रयोग २०१४ मध्ये वांग, सबातिनी, लँडर व सहकाऱ्यांनी केला. इटोपोसाइड या औषधातून वाचलेल्या पेशींत टोपोआयसोमरेज-२ चे जनुक निकामी झालेले आढळले. थायोग्वानिनमधून वाचलेल्या पेशींत डीएनएतील चुका दुरुस्त करणाऱ्या प्रथिनांची जनुके निकामी होती. एकेका प्रथिनाविषयी अनेक वर्षे खपून मिळवलेले उत्तर एकाच प्रयोगात हजारो जनुकांसाठी मिळू लागले. वाचलेल्या पेशीच येथेही साक्षीदार होत्या. फरक इतकाच की, त्यांनी काय गमावले हे आता वाचता येत होते.

रुग्णशय्येपर्यंतचे अंतर

या ज्ञानाचा रुग्णाला उपयोग किती झाला, हा प्रश्न टाळता येणार नाही. लघुपेशी फुप्फुस-कर्करोगाच्या एका चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. टेमोझोलोमाइडला वेलिपारिब या औषधाची जोड देऊन पाहिली असता एकूण रुग्णांच्या बाबतीत चाचणीचे मुख्य उद्दिष्ट साध्य झाले नाही. परंतु ज्यांच्या गाठीत श्लाफेन-११ होते, त्यांना जोड-औषधाचा लाभ अधिक झाल्याचे दिसले. त्यानंतर अमेरिकेत हे प्रथिन असलेल्या रुग्णांचीच आधीपासून निवड करून चाचणी घेण्यात आली. तीत रोग न वाढता गेलेला काळ थोडासा वाढला, एकूण आयुर्मानात मात्र वाढ सिद्ध झाली नाही. प्रयोगशाळेतील स्पष्ट रेषा रुग्णाच्या शरीरात पुसट होते, याचे हे प्रामाणिक उदाहरण आहे. गाठ ही एकजिनसी नसते. तिच्या एका भागात प्रथिन असते व दुसऱ्या भागात नसते.

मूक जनुकाला जागे करण्याचा मार्गही तपासला जात आहे. लघुपेशी फुप्फुस-कर्करोग पहिल्या उपचारानंतर परततो तेव्हा ईझेडएच-२ हे विकर श्लाफेन-११ ला मूक करते, आणि त्या विकराला रोखल्यास उंदरांतील गाठी पुन्हा औषधाला प्रतिसाद देतात, असे २०१७ मध्ये दाखवले गेले. येथे पी-ग्लायकोप्रोटीनच्या इतिहासातील धडा विसरता कामा नये. गाठीला संवेदनशील करताना अस्थिमज्जा व आतड्याचे अस्तरही संवेदनशील झाले, तर लाभाचे रूपांतर हानीत होते.

समारोप

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, औषधरोध व संवेदनशीलता या एकाच नाण्याच्या दोन बाजू असल्या, तरी त्यांचा शोध एकाच पद्धतीने लागत नाही. 'अधिक' झालेले प्रथिन सहज दिसले, 'नसलेले' प्रथिन दिसण्यास तुलनेची व नोंदींची नवी साधने लागली. दुसरी, ही साधने बरीचशी अन्य हेतूने निर्माण झाली होती. पीळ सोडवणाऱ्या विकराचा शोध, यीस्टवरील प्रयोग, विषाणूंचा अभ्यास आणि ६० पेशीवंशांची नोंदवही यांपैकी एकाचाही आरंभ श्लाफेन-११ शोधण्यासाठी झालेला नव्हता. ज्ञानशाखांच्या सीमा ओलांडल्याशिवाय हे उत्तर मिळाले नसते, ही बाब महाविद्यालयीन अध्यापन व संशोधनाच्या दृष्टीने विचारात घेण्याजोगी आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. गाठ औषधाला दाद देत नाही तेव्हा 'रुग्णाने उपचाराला प्रतिसाद दिला नाही' असा शब्दप्रयोग आपण सहज करतो, आणि नकळत अपयशाचा भार रुग्णावर टाकतो. या इतिहासातून दिसते ते असे की, प्रतिसाद न मिळण्यामागे अनेकदा एका मूक जनुकाइतके मूर्त कारण असते, आणि ते उपचारापूर्वी तपासता येण्याजोगे आहे. अशी तपासणी रुग्णालयांतील नित्याच्या व्यवहाराचा भाग अद्याप झालेली नाही. ती होईल तेव्हा ज्याच्या गाठीला औषध मारू शकत नाही, त्याला त्या औषधाचे दुष्परिणाम तरी सोसावे लागणार नाहीत, आणि त्याच्यासाठी दुसरा मार्ग वेळेवर शोधता येईल.